समा आणि समाअत

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हां मास्तरांना शब्दाच्या मुळाशी जायची खोड असते. 'समाअत' हा शब्द वर्गात आला की मुले त्याचे दोन अर्थ सांगतात. एक, कानांची ऐकण्याची शक्ती. दुसरा, कोर्टातली सुनावणी. मुकद्दम्याची समाअत अमुक तारखेला, असे उर्दू वर्तमानपत्रांतून नेहमी छापून येते. याच धातूपासून 'समा' हा तिसरा शब्द निघतो. सुफींच्या मजलिशीत बसून काव्य आणि गायन ऐकणे म्हणजे समा. अल्लाहच्या नावांपैकी अस्-समी, म्हणजे सर्व काही ऐकणारा, हे नावही याच कुळातले. आपल्या मराठीतल्या 'सुनावणी'तही ऐकणेच दडलेले आहे. म्हणजे न्याय काय आणि गाणे काय, दोन्हींची वाट कानातून जाते, हे भाषेला कधीचेच ठाऊक आहे. आमच्या मोहल्ल्यात मात्र गाण्याचा विषय निघाला की निकाल आधी लागतो, सुनावणी होतच नाही. या लेखात आम्हाला एवढाच प्रश्न विचारायचा आहे: जे आपण कधी ऐकलेच नाही, त्याच्याविषयी निवाडा देण्याचा आपल्याला हक्क आहे काय?

प्रश्न निघाला तो सदरमध्ये. नागपूरचे सदर ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भोसल्यांच्या काळात इंग्रजांचा रेसिडेंट इकडे राहत असे, म्हणून इथल्या मुख्य रस्त्याला आजही रेसिडेन्सी रोड म्हणतात. इथे एकोणिसाव्या शतकातले ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे, मंगळवारी बाजार आहे, अंजुमनचे इंजिनीअरिंग कॉलेज आहे. पहाटे अजान, रविवारी चर्चची घंटा, लग्नसराईत क्लॅरिनेट आणि ट्रंपेट, आणि अलीकडे संध्याकाळी हॉटेलांतून ऐकू येणारी गिटार. इतके वेगवेगळे आवाज एकमेकांच्या शेजारी नांदतात, पण एकमेकांना ऐकतातच असे नाही.

सदरहून मानकापूरच्या बाजूला निघाले की मनोरुग्णालय लागते. हजरत ताजुद्दीन बाबांना १८९२ पासून सोळा वर्षे याच पागलखान्यात ठेवले होते. शहाण्यांनी त्यांना वेड्यांत काढले, आणि त्यांचे दोन शब्द कानावर पडावेत म्हणून लोक त्याच फाटकाशी गर्दी करू लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सन्मानाने आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. ज्याचे बोलणे कोणी ऐकून घेत नव्हते त्याचे बोलणे ऐकायला एक शहर लोटले, ही आमच्या नागपूरची गोष्ट आहे. आज ताजाबादला उरूस भरतो, कव्वाली होते आणि सगळे धर्म मांडीला मांडी लावून ती ऐकतात.

गेल्या हिवाळ्यात रेसिडेन्सी रोडच्या एका गल्लीतल्या छोट्या हॉलमध्ये नव्या बँडांची बैठक झाली. बँड म्हणजे वरातीचा बँड नव्हे. चार-पाच पोरे एकत्र येतात, स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात आणि स्वतःच वाजवतात, तो बँड. आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा त्यात वाजवणार होता. त्याने फार आग्रह केला म्हणून आम्ही दोघे-तिघे मास्तर गेलो. दारातच नियम सांगितले गेले: सिनेमाचे गाणे होणार नाही, फर्माईश चालणार नाही, मोबाईल बंद ठेवायचा, गाणे चालू असताना उठायचे नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. मुशायऱ्याच्या अदबीत वाढलेल्या माणसाला हे नियम ओळखीचे वाटणारच. फक्त तिथे तक्के-लोड नव्हते, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या.

पहिल्या बँडने कानठळ्या बसवल्या. शब्द कळेनात, ठेका तेवढा छातीत धडधडत राहिला. खरे सांगायचे तर ते संगीत आम्हाला आवडले नाही, आजही आवडत नाही. दुसऱ्या बँडमध्ये एक मुलगी होती. तिने वऱ्हाडी बोलीत गायलेले गाणे एका शेतकरी बापाचे होते. कापूस विकून रिकामी बंडी घेऊन तो रात्री घरी परततो, एवढाच त्याचा विषय. वाद्ये विलायती, पण दुःख यवतमाळ-वर्ध्याचे. तिसऱ्या बँडमध्ये आमचा विद्यार्थी. लाकडी खोक्यावर बसून तेच खोके तो हाताने वाजवत होता, त्याला कहोन म्हणतात हे आम्हाला त्या दिवशी कळले. सोबत एक गिटार आणि एक जुनी हार्मोनियम. त्यांनी स्वतःच लिहिलेली उर्दू नज्म गायली. शिवणयंत्र चालवून घर चालवणाऱ्या आईवर ती होती. उच्चार स्वच्छ होते. शीन-काफ दुरुस्त होता. ज्या पोराला वर्गात दोन ओळी पाठ म्हणायची लाज वाटे, तो साठ-सत्तर अनोळखी माणसांसमोर आपल्या आईचे कष्ट सांगत होता.

पुढच्या आठवड्यात त्याचे वडील शाळेत आले. गॅरेजवर काम करणारा, पाच वक्ताचा नमाजी, कष्टाळू माणूस. ते म्हणाले, "मास्टरसाब, लड़का बाजा बजाते फिर रहा है, आप उसको कुछ बोलते कायको नहीं?" आम्ही विचारले, "भाईजान, आपने कभी सुना उसको?" ते म्हणाले, "उसमें सुनना क्या है?"

'उसमें सुनना क्या है' हे वाक्य आमच्या मनातून जाईना. या माणसाला आम्ही अडाणी किंवा कट्टर म्हणणार नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्यांना ती सवय असते, आणि ती काही कामाची नाही. त्यांची काळजी खरी होती. पोरगा नमाज सोडेल, संगत बिघडेल, नशेला लागेल, उद्या पोट कशावर भरेल? वाद्यांविषयी कडक इशारा देणारी हदीस त्यांनी जुम्याच्या बयानात ऐकलेली होती, आणि ती बुखारी शरीफमध्ये आहेच. पण ईदच्या दिवशी हजरत आयशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्र त्यांना रागावले, तेव्हा रसूलुल्लाहांनी त्यांना गाऊ द्या असे सांगितले, ही हदीसही त्याच बुखारी शरीफमध्ये आहे. उलेमांनी या दोन्हींवर शतकानुशतके चर्चा केली. आम्ही बी.एड. झालेले मास्तर, मुफ्ती नव्हे. फतवा देणे हे आमचे काम नाही. आमचा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे, ऐकण्याचा.

हजरत अलींना काझी म्हणून यमनला पाठवताना रसूलुल्लाहांनी जी नसीहत केली तिचा आशय असा: दोघे वादी तुझ्यासमोर बसले की एकाचे ऐकून निकाल देऊ नकोस, दुसऱ्याचेही ऐक, म्हणजे निकाल तुला स्पष्ट दिसेल. हा दंडक आपण जमिनीच्या भांडणाला लावतो, तलाकच्या प्रकरणाला लावतो. मग आपल्याच मुलाच्या आवाजाला का लावत नाही?

आपल्या बुजुर्गांनी तो लावला होता. इमाम गझाली ११११ साली वारले. त्यांच्या 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात समाच्या अदबीवर एक स्वतंत्र भाग आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की गाणे मनात नवे काही आणून ठेवत नाही, मनात जे आहे तेच ढवळून वर आणते. म्हणून एकाच गाण्याचा हुकूम सगळ्यांसाठी एक असू शकत नाही, ऐकणारा कोण आणि त्याच्या मनात काय, हे पाहावे लागते. हजरत जुनैद बगदादींच्या हवाल्याने ते समासाठी तीन गोष्टी सांगतात: जमान, मकान आणि इख्वान. म्हणजे वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी आणि सोबती योग्य हवेत. तिन्हींचा संबंध ऐकणाऱ्याशी आहे हे लक्षात घ्या.

दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलियांनीही शर्ती सांगितल्या. गाणारा कसा असावा, ऐकणारा कसा असावा, जे गायचे ते काय असावे आणि वाद्यांचे काय. सुलतान गियासुद्दीन तुघलकाच्या काळात काही उलेमांनी समाविरुद्ध तक्रार केली तेव्हा दरबारात त्याचा वाद झाला. ख्वाजासाहेब स्वतः हजर राहिले, दोन्ही बाजू मांडल्या गेल्या, आणि सुलतानाने समावर बंदी घातली नाही. समाचीच समाअत झाली म्हणा ना! हा वारसा आपल्यापासून दूर नाही. ख्वाजासाहेबांची वचने 'फवाइदुल फुआद'मध्ये लिहून ठेवणारे अमीर हसन सिज्जी आणि समावर जीव टाकणारे हजरत बुरहानुद्दीन गरीब, दोघेही आपल्या महाराष्ट्रात, खुलताबादला विसावले आहेत.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ख्वाजासाहेबांच्या शर्तींत तारेची वाद्ये बसत नाहीत, बाईचे गाणेही बसत नाही. म्हणजे सदरच्या त्या बैठकीला त्यांची मान्यता मिळाली असती असा दावा आम्ही करू शकत नाही. बुजुर्गांच्या नावावर आपल्या आवडी खपवणे हाही एक प्रकारचा अन्यायच. आम्ही त्यांच्याकडून निकाल उसना घेत नाही, रीत घेतो. त्यांनी ऐकले, तपासले, शर्ती ठरवल्या आणि मग हो किंवा नाही म्हटले. आम्ही यातली पहिली पायरीच गाळतो.

कोणी म्हणेल, जुनी कव्वाली ठीक, शास्त्रीय गाणे ठीक, पण हे विलायती धिंगाणे कशाला? या आक्षेपाचे उत्तर हार्मोनियम देते. आज पेटीवाचून कव्वाली सुचत नाही, भजन सुचत नाही. पण पेटी आली युरोपातून. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, ती आपली नव्हे, असे म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट इंग्रजांच्या पलटणींबरोबर आले, आणि आज आमच्या वराती त्यांच्यावाचून निघत नाहीत. प्रत्येक जुने वाद्य कधी तरी नवे होते, आणि तेव्हा कोणी तरी ते ऐकून घेतले म्हणून ते टिकले.

मिरजेकडे पाहा. पेशवाईनंतर हत्यारांचे दिवस सरले तेव्हा तिथल्या शिकलगार घराण्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. तलवारीला धार लावणाऱ्यांच्या वंशजांनी घडवलेली सतार आणि तंबोरा देशभर गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच मिरजेत किराण्याहून आलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. उत्तरेचा हा गवई कर्नाटकी संगीत कान देऊन ऐकत राहिला, त्याचे सूर आपल्या गाण्यात घेत राहिला, आणि मराठी नाट्यपदे त्याने अशी गायली की मराठी घरांनी ती आपली मानली. १९३७ मध्ये ते वारले. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा भरते. बडे गवई तिथे हजेरी लावतात आणि समोर कोण बसावे याला जात-धर्माची अट नसते.

आमच्या नागपूरचेही उदाहरण आहे. सदरच्या शेजारी सिव्हिल लाइन्समध्ये ज्यांच्या नावाचे सभागृह आहे ते डॉ. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले आणि पुढे लाहोरला उस्ताद असद अली खाँकडे. नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक लिहिले, ते १९६७ मध्ये रंगभूमीवर आले आणि वसंतरावांनी त्यात खाँसाहेब आफताब हुसेन उभा केला. विदर्भातल्या एका ब्राह्मणाच्या गळ्यातून मराठी रसिकांनी मुसलमान उस्तादाची तळमळ ऐकली. त्या नाटकातला पेचही ऐकण्याचाच आहे. आपले गाणे दुसऱ्या घराण्याच्या पोराच्या कानावर पडू नये असे खाँसाहेबांना वाटते, आणि तो पोरगा नोकर बनून हवेलीत शिरतो, चोरून ऐकतो. ऐकण्याचे दार बंद केले की ऐकणाऱ्याला चोर व्हावे लागते. आपल्या घरांतली मुले आज कानात इअरफोन खुपसून, पांघरुणाखाली काय ऐकतात हे आपल्याला ठाऊक असते काय?

दार जोराने आपटले तर काय होते, तेही पाहिले आहे. काश्मीरमध्ये शाळकरी वयाच्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा बँड काढला. डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरच्या स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळाले. नंतर धमक्या आल्या, फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या बड्या मुफ्तींनी विरोधात मत दिले आणि मुलींनी बँड मोडला. धमकी देणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचे गाणे ऐकले असेल? आपल्या कुर्ल्यात नावेद शेख या तरुणाने २०१४ मध्ये साध्या आयपॅडवर 'आफत' हे रॅप तयार केले आणि गल्लीतला आवाज देशभर पोचला. ती भाषा काहींना खडबडीत वाटेल. पण वस्तीतली पोरे काय पाहतात, कशाला भितात हे समजून घ्यायला असे गाणे ऐकणे समाजाच्या हिताचे आहे. अहवाल वाचायला आपण तयार असतो, पोरांचे गाणे ऐकायला नसतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. ऐकणे हे नैतिक कृत्य असेल तर ते खुशीचे असले पाहिजे. रात्री बारा वाजता खिडक्यांच्या काचा थरथरवणारा डीजे कोणाला ऐकण्याची संधी देत नाही, तो न ऐकण्याचा हक्क हिरावतो. मग ती मिरवणूक कोणाचीही असो, गणपतीची असो की आमच्या ईद-ए-मिलादची. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी घालणारे नियम २००० सालचे आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांवर शिक्कामोर्तब केले. शेजारच्या आजाऱ्याला, परीक्षेच्या पोराला आपले गाणे, आपले बयान किंवा आपली नात जबरदस्तीने ऐकवण्यात कसलाही सवाब नाही. सदरच्या त्या हॉलची दारे बंद होती, आत येणारा आपल्या पायांनी आला होता आणि दहाच्या आत सगळे आटोपले. आम्हाला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. जमान, मकान, इख्वान ही जुनी कसोटी इथे नव्याने कामाला येते.

दुसरा धोका असा की आता न ऐकण्याची सोय फारच झाली आहे. मोबाईल आपली आवड हेरतो आणि तसलेच गाणे पुन्हा पुन्हा पुढे करतो. नको वाटले की बोटाने सरकवायचे. अनोळखी आवाजासमोर पाच मिनिटे स्वस्थ बसण्याची सवय मोडत चालली आहे. ही सवय फक्त गाण्यापुरती मोडत नाही. शेजाऱ्याचे म्हणणे, सुनेची तक्रार, विरोधकाचे भाषण हे सगळे आपण तसेच बोटाने सरकवू लागतो. हिंदू शेजारी आमच्याविषयी न ऐकता मत बनवतो म्हणून आम्ही दुखावतो, आणि ते दुखणे रास्त आहे. पण दुसऱ्याकडून ज्या समाअतीची आपण अपेक्षा करतो, ती आपल्या घरातल्या पोराला, आपल्या गल्लीतल्या मुलीला, अनोळखी बँडला आपण देतो काय?

म्हणून आम्ही त्या भाईजानना गाण्याची बाजू पटवायच्या भानगडीत पडलो नाही. एवढेच म्हणालो की एकदा येऊन ऐका. शब्दांत काय आहे ते पाहा, सोबत कोण आहे ते पाहा, अजान झाली तेव्हा पोरे काय करतात ते पाहा. मग नाही म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, तो तुमचा बाप म्हणून हक्क आहे. ऐकून दिलेला नकार पोराला समजेल. न ऐकता दिलेला नकार त्याला घराबाहेर ढकलील, आणि बाहेर त्याला ऐकून घेणारे कोण भेटतील याची शाश्वती आम्ही मास्तर देऊ शकत नाही.

मुलांनाही आम्ही वर्गात दुसरी बाजू सांगतो. आपले ऐकले जावे असे वाटत असेल तर ऐकण्यासारखे काही आणा. शब्द घासूनपुसून घ्या, अश्लील आणि उसने टाकून द्या, नमाजेची आणि अभ्यासाची वेळ गाण्याला देऊ नका, कोणाच्या कानावर चालून जाऊ नका. दुसऱ्याचे गाणे चालू असताना बोलू नका, आणि आवडले नाही तरी ते संपेपर्यंत बसा. पहिला बँड आम्हाला आवडला नव्हता, तरी आम्ही शेवटपर्यंत बसलो, आणि म्हणूनच 'आवडले नाही' असे म्हणण्याचा हक्क आम्हाला मिळाला.

वाचकहो, गाणे हलाल की हराम यावर आलिम मंडळी बोलतील, बोलोत. त्यांचा मान आहे. पण कोणत्याही काझीपुढे मुकद्दमा चालायचा तर आधी समाअत व्हावी लागते. आपल्या मुलांचे एवढेच मागणे आहे. तारीख द्या आणि त्या दिवशी हजर राहा.